बुजवलेलं साणं

माझ्या वहिनीला, भिवराबाईला, बिडीनं खाल्लं असं आमच्या गावात अजूनही चार लोक म्हणतात. चार म्हणजे खरे चाळीस. त्या बाईनं जन्मात बिडी हातात धरली नाही. ती कशानं गेली हे मला ठाऊक आहे, आणि सगळ्यांच्या आधी ठाऊक असायला हवं होतं तेही मलाच. गावच्या खवा सोसायटीचा मी एकतीस वर्षं सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीला एक खोड लागते. कागदावर आल्याशिवाय कुठली गोष्ट घडली असं त्याला वाटतच नाही. म्हणून हे लिहून काढतो आहे. उशिरा लिहितो आहे, पण ते माझ्या स्वभावाला धरूनच आहे.

आमचं गाव चौसाळ्यापासून सात मैल आत, बालाघाटाच्या डोंगरावर. माती कमी, दगड जास्त. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं खडी फोडली आणि त्यानंतर गाव ऊसतोडीला लागलं. दुसरा इलाज नव्हता. दिवाळीच्या पणत्या विझायच्या आत बैलगाड्या कारखान्याच्या वाटेला लागायच्या. माझा थोरला भाऊ त्रिंबक, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, आणि वहिनी असे सहा हंगाम गेले. पाचव्या हंगामात त्यांचा आठ महिन्यांचा मुलगा पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत, थंडीनं गेला. त्याला तिथंच कुणाच्या तरी बांधाला पुरून तिनं दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधल्या. पुढं एक लेक झाली, कौशल्या. तेव्हा वहिनी आण्णाला म्हणाली, "आता कोयता उचलायचा तर तुमी एकले उचला. ह्या लेकराला मी कोपीत निजवनार न्हाई."

तिनं दोन म्हशी धरल्या आणि खवा आटवायला घेतला. आमच्या डोंगरावर कुसळी गवत खाऊनही म्हैस घट्ट दूध देते. पण त्या काळी रस्ता नव्हता, आणि दूध चौसाळ्याला पोचेपर्यंत फाटायचं. खवा दोन दिवस टिकतो. तिचं बघून शेजारची सुंदरबाई लागली, मग अख्खी गल्ली. ब्याऐंशी साली आम्ही सोसायटी काढली. गावचे मोठे जमीनदार मोहनराव चेअरमन झाले. मॅट्रिक पास म्हणून मी, पंडित, सेक्रेटरी झालो. खवा डब्यांत भरून चौसाळ्याला आणि तिथून हैदराबादच्या मिठाईवाल्यांकडे जाऊ लागला. चाळीस घरांनी कोयता खाली ठेवला. हे वाक्य मी दर वार्षिक सभेत बोललो आहे, आणि ते खोटं नाही. त्याच्या पुढचं वाक्य मात्र मी कधी बोललो नाही.

खवा करताना ज्यानं पाहिलं नसेल त्याला सांगतो. पाच लिटर दुधाची लोखंडी कढई, खाली धडधडता जाळ, आणि बाईच्या हातात उलथणं. पाऊण तास हात थांबला नाही पाहिजे. थांबला की दूध बुडाला लागलं, खवा तांबडा झाला. जाळ बारीक करून चालत नाही, सोडून उठून चालत नाही, तोंड फिरवूनही चालत नाही. घरचं आणि विकत घेतलेलं दूध मिळून अशा पाच-सहा कढया सकाळी, तीन-चार संध्याकाळी. भाकरी-कालवण करणारी बाई चुलीपाशी तास-दीड तास बसते. आमच्या बाया सहा-सात तास बसायच्या. सरपणाला आधी चांगली वाळलेली बाभूळ होती. ती संपली, मग कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, आणि मग ती वेडी बाभूळ, जी ओली जळत नाही आणि वाळली तरी धुरते.

तरीही पहिली सात वर्षं फारसं बिघडलं नाही, कारण घराला साणं होतं. आमच्याकडं मातीची माळवदं, म्हणजे सपाट धाब्याची छपरं. चुलीच्या बरोबर डोक्यावर माळवदाला हातभर चौकोनी भोक ठेवतात, ते साणं. धूर त्यातून वर जातो, उजेड त्यातून खाली येतो. पावसात त्याच्यावर घमेलं पालथं घालायचं, उघडीप पडली की काढायचं. एवढीच अक्कल लागते. आमच्या आज्यापणज्यांना ती होती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ती अक्कल मी मोडीत काढली. पाऊस दोन वर्षं नव्हता. डोंगर उघडा पडलेला, रोज दुपारी वावटळी उठायच्या, आणि साण्यातून धूळ, काडी, कडुनिंबाचा पाला थेट कढईत. हैदराबादहून एकाच आठवड्यात तीनदा खवा परत आला. वर चिठ्ठी, दाताखाली खडे लागतात. मोहनराव म्हणाले, "पंडित, कायतरी कर बे, न्हाईतर पुन्यांदा कोयते घासायला घ्या." मी रात्रंदिवस विचार वगैरे केला नाही. अर्ध्या तासात नियम लिहिला. सोसायटीचा नियम सातवा: ज्या खोलीत खवा होतो त्या खोलीचे साणे फरशी बसवून पक्के बुजवावे. खिडकी असल्यास बुजवावी. खवा होईपर्यंत दार लोटलेले असावे. न पाळणाऱ्याचा खवा घेतला जाणार नाही. सभासद म्हणून नावं बायांची होती, सरकारी योजना तशी होती. सभेला बसले त्यांचे नवरे. ठराव एकमताने पास. चुलीपुढं एक दिवस न बसलेल्या चाळीस माणसांचं एकमत व्हायला कितीसा वेळ लागतो?

लोकाला सांगे ब्रह्मज्ञान नको, म्हणून पहिलं साणं आमच्याच घराचं बुजवायचं ठरवलं. मी स्वतः माळवदावर चढलो. शहाबादी फरशी ठेवली, कडेनं सिमेंट भरलं, वर पांढरी माती थापली. खालून वहिनीचा आवाज आला. "भावजी, धूर कुटून जाईल?"

मी वरून ओरडलो, "धुराला काय वैनी, दार दावलं की जातोय."

खाली जमलेले सगळे हसले. ती पण हसली. मला तेव्हा फार हुशारी वाटली होती.

नियम लागू पडला. खवा पांढराशुभ्र येऊ लागला आणि हैदराबादच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. दर महिन्याला मी तपासणीला निघायचो, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, हातात बॅटरी. प्रत्येक घरी उंबऱ्यावर उभं राहायचं, आत बॅटरी मारायची, साणं बंद आहे हे बघायचं, वहीत बरोबरची खूण करायची. आत जायचा प्रश्न नव्हता. कपडे काळे होतात. माझी बायको वत्सलाबाई खवा करत नसे, सेक्रेटरीच्या घरचा माल सोसायटीत नको म्हणून. आमची चूल आण्णाच्याच वाड्यात पण ओसरीवर होती, मोकळ्या हवेत. पुढं गॅस आला. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

वहिनीचा स्वभाव तुम्हाला कळायला हवा. ती गरीब गाय नव्हती. जिभेला धार होती आणि हात कधी रिकामा नसे. नारायणगडाला जाऊन तिनं गळ्यात तुळशीची माळ घातलेली, तेव्हापासून कांदा-लसूण नाही, मिश्री नाही, एकादशी कधी चुकली नाही. डोळे कायम लाल आणि पाणावलेले. कुणी विचारलं की म्हणायची, "साधू लोक धुनी लावून बसत्यात ना, तसं आमी बसतो. फकस्त आमाला कुनी पाया पडत न्हाई." वार्षिक सभेत सर्वांत पांढऱ्या खव्याचं बक्षीस अकरा वेळा तिला मिळालं. दर वेळी स्टीलचा डबा. बक्षीस घ्यायला आण्णा जायचा, ती दूध आटवत असायची.

खोकला कधी सुरू झाला हे मला सांगता येणार नाही. गल्लीतल्या सगळ्याच बाया खोकायच्या. सकाळी एका घरात सुरू झाला की दुसऱ्या घरातून उत्तर यायचं. आम्ही पुरुष ओसरीवर चहा पीत ते ऐकायचो, आणि कुणाच्या कानाला ते खटकायचं नाही. दम लागतो म्हणून तिला तालुक्याला नेलं. एका डॉक्टरनं क्षय ठरवून सहा महिने गोळ्या दिल्या. तिनं एकही गोळी चुकवली नाही आणि एकही कढई चुकवली नाही. गोळ्या संपल्या, खोकला राहिला.

दोन हजार बारा-तेराचा दुष्काळ आला. गावाला टँकर, जनावरं चारा छावणीत. वहिनी साठीला आलेली. रोज दोन मैल छावणीपर्यंत चालत जायची, म्हशी पिळायची, दूध डोक्यावर घेऊन यायची आणि चुलीपुढं बसायची. फेब्रुवारीत एक दिवस ती छावणीत म्हशीच्या पायाशीच बसली. खोकली आणि पदराला रक्त लागलं. तिनं पदराचं ते टोक कमरेला खोचलं आणि धार काढून संपवली. हे आम्हाला सुंदरबाईनं सांगितलं. तिनं सांगितलं नसतं तर वहिनीनं सांगितलंच नसतं.

मी आणि आण्णा तिला जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. फोटो झाले, सुई घालून तुकडा काढला, आठ दिवस गेले. तिथं भिंतीवर जळत्या बिडीचं मोठं चित्र होतं आणि शेजारी सडलेलं फुफ्फुस. वहिनीला वाचता येत नव्हतं, पण चित्र समजत होतं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, बिडी किती वर्षांपासून?"

तिनं पदराखालून तुळशीची माळ बाहेर काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

आम्हाला बाहेर बोलावून त्यांनी सांगितलं. उजव्या फुफ्फुसाचा कॅन्सर, पसरलेला. तीन-चार महिने. मग त्यांनी चूल, खोली, सरपण सगळं खोदून खोदून विचारलं. मी उत्तरं देत होतो. "खिडकी?" नाही. "धूर जायला वर काही?" मी म्हणालो, होतं, बुजवलं. "कधी?" शहाऐंशीला. "कुणी?" मी म्हणालो, सोसायटीच्या नियमानं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हिला धुरानंच झाला असं शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही. पण लाकडाच्या धुरानं कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं आहे. बिडीला कधी न शिवलेल्या अशा बाया माझ्याकडे येत असतात."

आम्ही परत आलो त्याच्या आधी बातमी गावात पोचली होती. दवाखान्यातल्या त्या चित्रासकट. गल्लीच्या टोकाला राहणारी छबुबाई पाण्याच्या टँकरपाशी म्हणाली, "फुप्फुसाचा कॅन्सर काय उगं होतोय का? दार लावून बसायची ना खव्याच्या खोलीत, कुनी बगितलंय आत काय वढायची ते." दार लावायला कुणी सांगितलं होतं, हे टँकरपाशी कुणाला आठवलं नाही. महिनाभरात कौशल्याच्या सासूनं माजलगावात तिला तोंडावर विचारलं, "तुजी माय माळकरी ना? मंग बिडी कवापासून?"

आमच्या गावात माळकरी माणूस गेलं की भजनी मंडळ टाळ वाजवत मातीला जातं. बाई असो, बाप्या असो, ज्याच्या गळ्यात माळ त्याला टाळ. बिनमाळेच्या माणसाला नुसतेच खांदेकरी. मंडळाचे टाळ मोहनरावांच्या घरी पेटीत असतात, कारण मंडळाचे प्रमुखही तेच. एके दिवशी देवळाच्या पायरीवर ते मला म्हणाले, "पंडित, वाईट वाटून घिऊ नको. पर माळ घालून बिडी वढलेल्या मानसाला टाळ कसे वाजवायचे? लोक बोलत्यात."

मी हे घरी बोललो नाही, पण तिला कळलंच. पडल्या पडल्या गावाची बित्तंबातमी तिच्याकडे असायची. दुपारी मी तिच्या बाजेपाशी बसलो होतो. एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागत होतं.

"भावजी, मरायचं कुनाला चुकलंय. माजं लेकरू बांधाला पुरलं, कुनी टाळ वाजिवले न्हाईत. माज्या मातीला वाजले पायजेत. तुमी कागदाचे मानूस. डाक्तरकडून कागद आना."

मी एस.टी. धरून गेलो आणि कागद आणला. डॉक्टरांनी मराठीत लिहून दिलं, मी तशी विनंती केली म्हणून. रुग्णास बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी कोणतेही व्यसन कधीही नव्हते. चौतीस वर्षे लाकडाच्या चुलीवर खवा करण्याचे काम. त्यापैकी सव्वीस वर्षे धूर जाण्याची वाट बुजवलेल्या बंद खोलीत. खाली सही, शिक्का.

येत्या एकादशीला भजनानंतर तो देवळात वाचायचा असं ठरलं. वहिनीनं त्या दिवशी कौशल्याकडून वेणी घालून घेतली आणि बाज दाराकडे तोंड करून ठेवायला लावली, देवळातला आवाज ऐकू यावा म्हणून.

मी उभा राहिलो. कागद हातात होता. समोर चाळीस घरचे पुरुष, मधे मोहनराव, मागं बाया. पहिलं वाक्य मी मोठ्यानं वाचलं. दुसरंही वाचलं. तिसऱ्यापाशी माझी नजर मोहनरावांकडे गेली. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही. नुसतं बघितलं. मला सगळं एका वेळी दिसलं. हैदराबादचा माल, चाळीस घरं, कोयते, आणि त्या वाक्यानंतर माझ्याकडे वळणारी सगळी तोंडं. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "एवढंच हाय. चुलीच्या धुरामुळं झालंय."

छबुबाई मागून म्हणाली, "चूल तर समद्यायच्याच घरात हाय. आमच्या मायबी चुलीपुढंच मेल्या, म्हाताऱ्या हून. मंग हिलाच कावून झाला?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर माझ्या खिशात होतं. त्यांच्या माया उघड्या साण्याखाली भाकरी थापायच्या. मी बसलो. कुणीतरी म्हणालं, डाक्तर काय, मागाल तसा कागद देतेत. आणि लोक प्रसाद घेऊन आपापल्या घरी गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणारा निदान स्वतःचं भांडं लपवतो, मी तर वहिनीचं लपवलं होतं.

घरी वहिनी जागी होती. "सांगितलं का?"

"सांगितलं."

"समदं?"

मी हो म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली. देवळातला आवाज तिला ऐकू आला होता की नाही, मला आजही माहीत नाही.

"साण्याचं?"

मी खाली बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग खोकल्याची एक उबळ आली, ती संपेपर्यंत आम्ही थांबलो. "सोसायटी मोडंल. पोरींला पुन्यांदा कोयता लागंल. ऱ्हाऊ द्या भावजी."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यानंतर तिनं टाळाचं नाव काढलं नाही. एकवीस दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला आडवं पडता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसून हवा ओढायची, आणि हवा आत जायची नाही.

माणसं जमली. मोहनराव आले, धोतराचा सोगा धरून एका बाजूला उभे राहिले. टाळ आले नव्हते. सुंदरबाईचा नवरा धोंडीराम तिरडी बांधत होता. कौशल्या एकदाच मला म्हणाली, "काका, टाळ?" मी तिच्याकडं न बघता कामाला लागलो. पुढं धरायच्या मडक्यातला विस्तव आमच्याकडं बाईच्या स्वतःच्या चुलीतून घेतात. घरात सुतक असलं तरी तेवढ्यापुरती चूल पेटवतात. विस्तव पाडायचं काम दिराचं.

मी खव्याच्या खोलीत गेलो. सव्वीस वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. भिंती काळ्या, माळवदाची लाकडं काळी, त्यांवर काजळीचा बोटभर थर. गोवऱ्या रचल्या, पऱ्हाट्या घातल्या, वेड्या बाभळीची दोन ढलपी घातली आणि पेटवलं. बाहेर गर्दी होती म्हणून सवयीनं कुणीतरी दार लोटून घेतलं. धूर वर गेला, फरशीला थडकला आणि खाली आला. मी फुंकर मारायला वाकलो आणि तो माझ्या नाकातोंडात गेला. डोळे उघडेनात. छाती आवळली. उठलो तर वर आणखी दाट होता, म्हणून पुन्हा बसलो. विस्तव पडायला दहा मिनिटं लागतात. मी चार मिनिटंही काढू शकलो नाही. दार ढकलून अंगणात येऊन पडलो आणि तिच्यासारखाच खोकत राहिलो, तिच्या तिरडीपाशी.

मग मी बोललो. धाडस वगैरे काही नव्हतं, आत जे कोंडलं होतं ते खोकल्याबरोबर बाहेर आलं. "त्या कागदावर अजून एक ओळ होती. मी वाचली न्हाई. साणं मी बुजवलंय. नियम मी लिहिलाय. तिनं इचारलं होतं धूर कुटून जाईल, मी हासलो. बिडी-बिडी कुनी न्हाई वढली. तिला मी मारलंय."

मोहनराव पुढं आले. दबक्या आवाजात म्हणाले, "पंडित, खुळा झालास का बे? मातीच्या टायमाला हे काय काढलंस? हैदराबादला कळलं तर चाळीस घरं..."

आण्णा तीस वर्षं सभेत हात वर करण्यापलीकडं काही बोलला नव्हता. तो तिरडीजवळून उठला. गोठ्यात गेला, पहार आणली आणि माझ्यापुढं टाकली. "आदी वर चढ," तो म्हणाला. "तवर ती हलनार न्हाई."

मी सत्तावन्न वर्षांचा होतो. शिडी लावून चढलो. पांढरी माती खरवडली, सिमेंट फोडलं, फरशी पहारीनं उचकटली. फरशी निघाली तसा कोंडलेला धूर माझ्या तोंडावरून सरळ आभाळात गेला. खाली बघितलं तर चौकोनी उजेड नेमका तिच्या पाटावर पडला होता. दार दावलं की जातो म्हणालो होतो. सव्वीस वर्षं तो दारापर्यंत पोचतच नव्हता. आधी तिच्यात जायचा.

अंगणातल्या बाया मान वर करून त्या धुराकडे बघत होत्या. छबुबाईसुद्धा. धोंडीराम घरी जाऊन स्वतःचे टाळ घेऊन आला, आणि आणखी एक म्हातारा गेला, त्याचे घेऊन आला. मोहनरावांची पेटी उघडली नाही. दोन जोड टाळ वाजले, तेही पुढं-मागं, ताल सोडून. असे टाळ वाजवत आम्ही वहिनीला नेलं. तिनं जिवंतपणी मागितलं होतं ते तिला मेल्यावर मिळालं, आणि तेही अर्धं. देणारा मी होतो, म्हणून अर्धं.

पुढं सभेत नियम सातवा रद्द करायचा ठराव मी मांडला. तो पडला. मोहनराव म्हणाले, धूळ आजही उडतेय. मी राजीनामा दिला नाही, आणखी काही महिन्यांनी त्यांनीच मला मोकळं केलं. वहिनी गेल्यापासून ज्या घरानं बोलावलं त्या घरावर मी पहार घेऊन चढलो. चाळिसांपैकी सतरा साणी उघडली. त्यांवर तारेची जाळी आणि बाजूनं उघडा असलेला पत्र्याचा टोप बसवला की धूळ पडत नाही, हे मला शहाऐंशीला सुचायला काय हरकत होती? लोहार गावातच होता.

त्या सतरांतलं पहिलं सुंदरबाईचं. वहिनीची राख सावडून आलो त्याच दिवशी दुपारी तिनं मला दारातून हाक मारली. मी वर चढलो, फरशी काढली. ती खाली चुलीपुढं उलथणं हातात घेऊन उभी होती. तोंडावर उजेड पडला तसे तिनं डोळे बारीक केले, आणि मग खोकली. बराच वेळ खोकली.

मी वरून वाकून विचारलं, "सुंदरबाई, हा खोकला कवापासून हाय?"

ती पदरानं तोंड पुसत वर बघून म्हणाली, "कोनता, भावजी? सुका का रगताचा?"